कोलोरॅडोतील एल्कच्या शिकारीसाठी घरबसल्या नकाशावरून रान कसे वाचावे?

प्रश्न: कातळकडा (डॅलस, टेक्सास)

नमस्कार. यंदा सोडतीत मला कोलोरॅडोतील मादी एल्कच्या (सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या) शिकारीचा परवाना लागला आहे. बंदुकीच्या दुसऱ्या हंगामाचा हा परवाना फ्लॅट टॉप्स या उंच पठाराच्या परिसरातील एका युनिटसाठी, म्हणजे ठरवून दिलेल्या शिकार-विभागासाठी असून, ऑक्टोबरच्या अखेरीस मी आणि माझे एक सहकारी तिकडे जाणार आहोत. टेक्सासमध्ये मी हरणांची शिकार केली आहे, परंतु ती खासगी रँचवर, मचाणावर बसून. डोंगरात चालत, सरकारी जमिनीवर शिकार करण्याची ही पहिलीच वेळ आहे. हंगामाआधी तिकडे जाऊन पाहणी करणे नोकरीमुळे शक्य नाही, त्यामुळे जी काही तयारी करायची ती घरी बसून नकाशावरच करावी लागेल.

सह्याद्रीत पुष्कळ भटकंती केल्यामुळे समोच्च रेषांचा नकाशा मला वाचता येतो. ऑनएक्स हंट (शिकाऱ्यांसाठीचे नकाशांचे ॲप) आणि गूगल अर्थ ही दोन्ही साधने उघडून मी खुणा करायला सुरुवात केली, पण प्रत्येक कुरण, प्रत्येक तळे आणि प्रत्येक खिंड चांगलीच वाटू लागली आणि आता नकाशा खुणांनी भरून गेला आहे. यांतून निवड कशी करावी? सुरुवात नेमकी कुठून करावी, रस्त्यापासून किती दूर जावे, आणि नकाशावर दिसणाऱ्या कोणत्या गोष्टींवर किती विश्वास ठेवावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: पश्चिम_उतार (ग्रँड जंक्शन, कोलोरॅडो)

नमस्कार, परवान्याबद्दल अभिनंदन. खुणा फार झाल्या, कारण आपण एल्कला काय आवडते ते शोधत आहात, आणि फ्लॅट टॉप्समध्ये एल्कला आवडेल अशी जागा जवळजवळ सगळीकडे आहे. कोलोरॅडोइतके एल्क अमेरिकेच्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाहीत आणि या राज्यातही फ्लॅट टॉप्स परिसरातला व्हाइट रिव्हरचा कळप सर्वांत मोठा मानला जातो. चारा, पाणी आणि आडोसा यांची तिथे वाण नाही. सप्टेंबरमध्ये, माजाच्या काळात, नर कुठे हाका देत असतील, चिखलात कुठे लोळत असतील याचा विचार करावा लागतो. आपल्या हंगामापर्यंत ते सगळे संपलेले असते. ऑक्टोबरच्या अखेरीस एल्क कुठे सापडतील हे ठरवणाऱ्या गोष्टी दोनच उरतात: माणूस आणि बर्फ. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, पहिला नकाशा उघडायचा तो डोंगरांचा नव्हे, रस्त्यांचा.

यूएस फॉरेस्ट सर्व्हिसचा ‘मोटार व्हेइकल यूज मॅप’ मोफत मिळतो. दिसायला तो रुक्ष आणि काळापांढरा आहे, परंतु कोणत्या रस्त्यावर कोणते वाहन कोणत्या तारखेपर्यंत नेता येते, याबाबत कायद्याने तोच नकाशा प्रमाण आहे. ॲपमध्ये रस्ता म्हणून दिसणारी रेघ या नकाशावर नसेल, तर तिथे गाडी नेता येत नाही. असे बंद झालेले जुने लाकूडतोडीचे रस्ते वेगळ्या रंगाने आखून ठेवा, कारण बहुतेक शिकारी गाडी जाईल तिथपर्यंतच जातात. ओरेगनमधील स्टार्की प्रायोगिक वनात १९८९पासून एल्कच्या हालचालींचा अभ्यास चालू आहे, आणि रस्त्यावरची वर्दळ वाढली की एल्क रस्त्यापासून दूर सरकतात, हे त्यातून पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. उघड्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंचा पट्टा नकाशावर रंगवून टाकला की आपल्या निम्म्या खुणा आपोआप गळून पडतील.

त्यानंतर जमिनीची मालकी पाहावी. कोलोरॅडोत खासगी जमिनीवर पाटी लावण्याचे बंधन मालकावर नाही. हद्द ओळखण्याची जबाबदारी सर्वस्वी शिकाऱ्याची आहे. राज्याच्या ट्रस्ट जमिनी सरकारी असल्या तरी त्या सगळ्याच खुल्या नसतात. ज्या कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या प्रवेश योजनेत आहेत, तेवढ्यांवरच जाता येते. याच खात्याच्या ऑनलाइन शिकार-नकाशात एल्कच्या उन्हाळी आणि हिवाळी वावराचे पट्टेही दाखवलेले आहेत. ते दोन्ही थर एकावर एक ठेवून पाहिले की कळप कोणत्या दिशेने खाली उतरतात, याचा चांगला अंदाज येतो.

रस्त्यापासून किती दूर जावे, याचे उत्तर मैलांत देणे मला पटत नाही. ‘दोन मैल आत गेले की माणसे संपतात’ असे सर्रास सांगितले जाते. परंतु फ्लॅट टॉप्समध्ये चांगल्या पायवाटांनी घोड्यांवरून माणसे त्याच्या कितीतरी पुढे जातात. उलट रस्त्याला लागून ओढा, ओढ्यापलीकडे उभा चढ आणि त्यावर पडझड झालेले दाट रान असेल, तर अर्ध्या मैलावरही कोणी फिरकत नाही, आणि एल्क नेमके तिथे तळ ठोकून असतात. तेव्हा अंतरापेक्षा अडचण मोजावी. पायवाट नसलेली, समोरून नकोशी वाटणारी जागा आधी तपासावी.

आता समोच्च रेषांकडे वळू. यूएसजीएस, म्हणजे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या, १:२४,००० प्रमाणाच्या नकाशावर एक इंच म्हणजे २,००० फूट. डोंगराळ भागात दोन रेषांमधील उंची बहुधा ४० फूट असते आणि दर पाचवी रेषा ठळक असते, म्हणजे दोन ठळक रेषांमध्ये २०० फुटांचा चढ असतो. या दोन ठळक रेषा पाव इंचाच्या अंतरावर असतील, तर ५०० फुटांच्या आडव्या अंतरात २०० फूट चढ, म्हणजे सुमारे २२ अंशांचा उतार झाला. चाचणी म्हणून असा एक उतार धरा आणि त्यावर बोट फिरवत वर जा. मध्येच कुठे तरी रेषा फाकतात आणि पुढे पुन्हा जवळ येतात. उत्तराभिमुख उतारावर, दाट सूचिपर्णी रानात, माथ्यापासून थोडा खाली असा सपाट टप्पा असेल आणि समोरच्या दक्षिणाभिमुख उतारावर उघडे गवत असेल, तर ती जोडी वहीत लिहून ठेवावी. थंडी पडल्यावर एल्क रात्री उघड्या उतारावर चरतात, कारण तिथले बर्फ लवकर वितळते, आणि उजाडता उजाडता समोरच्या रानात शिरून त्या टप्प्यावर दिवस काढतात.

सह्याद्रीच्या सवयीने आपण सोंडा शोधाल, कारण तिकडच्या वाटा सोंडेवरून चढतात. एल्कच्या वाटा मात्र बहुतेक वेळा उताराला आडव्या, टप्प्याटप्प्याने जातात आणि दोन खोऱ्यांमधल्या खिंडीत एकत्र येतात. आणखी एक फरक उंचीचा आहे. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट आहे. फ्लॅट टॉप्सचे पठार १०,००० फुटांच्या वर आहे. डॅलसहून थेट तिथे पोहोचलेल्या माणसाने घरच्या हिशेबाने चालण्याची वेळ ठरवू नये, निदान दीडपट तरी धरावी.

उत्तर: उपग्रहचित्र (बॉइसी, आयडाहो)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. व्यवसायाने मी नकाशांवरच काम करते आणि शरद ऋतूत शिकारीलाही जाते, म्हणून ‘कशावर किती विश्वास ठेवावा’ या प्रश्नापुरते लिहिते.

हवाई छायाचित्र पाहताना पहिला प्रश्न विचारावा तो तारखेचा. बहुतेक ॲपमधली सुरेख, स्वच्छ चित्रे उन्हाळ्यात घेतलेली असतात. जुलैत हिरवेगार दिसणारे उंचावरचे कुरण ऑक्टोबरच्या अखेरीस वाळलेले किंवा बर्फाखाली असते. यावर चांगला उपाय म्हणजे युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे. ती कोपर्निकस या युरोपीय उपग्रह-योजनेच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात, त्यांत १० मीटरपर्यंतचा तपशील दिसतो आणि साधारण दर पाच दिवसांनी नवे चित्र मिळते. झाडे मोजण्यासाठी ती निरुपयोगी आहेत. बर्फाची रेषा पाहण्यासाठी मात्र त्यांना तोड नाही. मागील पाच-सहा वर्षांतील ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली ढग नसलेली चित्रे एकामागून एक उघडा. कोणत्या वर्षी बर्फ किती उंचीपर्यंत उतरले होते, आणि कोणते दक्षिणाभिमुख उतार दर वर्षी सर्वांत आधी मोकळे झाले, हे स्पष्ट दिसते. जोडीला स्नोटेल या डोंगरातल्या स्वयंचलित बर्फमापन केंद्रांची बर्फाच्या खोलीची रोजची नोंद पाहिली की निघण्याच्या आदल्या दिवशीही परिस्थिती कळते.

दुसरी गोष्ट पडलेल्या झाडांची. समोच्च रेषांच्या नकाशावर रान सरसकट हिरव्या रंगात छापलेले असते, मग ते चालण्याजोगे असो वा नसो. फ्लॅट टॉप्समध्ये १९३९ साली वादळाने स्प्रूसची असंख्य झाडे आडवी झाली, त्या पडलेल्या खोडांत साल पोखरणारे भुंगेरे माजले आणि १९४०च्या दशकात त्यांनी रानेच्या राने मारली. अलीकडच्या काळातही भुंगेऱ्यांमुळे कोलोरॅडोच्या पाइन आणि स्प्रूसच्या रानांचे मोठे नुकसान झाले आहे. छायाचित्र पूर्ण मोठे करून पाहावे: जिवंत झाडाला गडद, गोल शेंडा असतो, मेलेले उभे झाड करड्या टिंबासारखे दिसते आणि त्याची सावली बारीक पडते, आणि जिथे झाडे पडली आहेत तिथे जमिनीवर काड्या विस्कटल्यासारख्या रेघा दिसतात. अशा रेघा दाट असतील तर त्या पट्ट्यातून वाट आखू नये. त्याच्या कडेवर मात्र लक्ष ठेवावे, कारण एल्क पडझडीला वळसा घालून एकाच अरुंद जागेतून ये-जा करतात.

जळालेल्या रानांचे नकाशेही मोफत मिळतात आणि त्यांत कुठे कितपत जळले याचे वर्गीकरण असते. आगीनंतर काही वर्षे गवत आणि अ‍ॅस्पेनचे नवे कोंब जोमाने येतात आणि एल्क तिकडे ओढले जातात, विशेषतः जिथे जळालेले आणि वाचलेले तुकडे मिसळलेले असतात. आगीचे साल पाहिल्याशिवाय तिची किंमत ठरवू नये. फ्लॅट टॉप्समधल्या ट्रॅपर्स लेक तळ्याजवळ २००२ साली लागलेल्या आगीचे क्षेत्र आणि पश्चिमेकडच्या मीकर गावाच्या परिसरात ऑगस्ट २०२५मध्ये सव्वा लाखाहून अधिक एकर जाळणाऱ्या ली आगीचे क्षेत्र नकाशावर एकाच रंगात दिसले, तरी जमिनीवर त्यांचे काहीच साम्य नाही.

तिसरी गोष्ट बारीक उंचसखलपणाची. ज्या टप्प्यांविषयी वर लिहिले आहे, त्यांतले पुष्कळ टप्पे ४० फुटांच्या रेषांमध्ये हरवतात. जिथे लायडार, म्हणजे विमानातून लेसर किरणांनी केलेली, मोजणी झाली आहे, तिथे यूएसजीएसची माहिती वापरून केलेला छायांकित उतार कॅलटोपोसारख्या साधनात पाहता येतो, आणि झाडांखालची जमीन उघडी करून दाखवल्यासारखी दिसते. खोलीएवढे सपाट तुकडे आणि जुने बुजलेले रस्तेसुद्धा त्यात उमटतात. गूगल अर्थचे त्रिमिती दृश्य मला त्या मानाने फसवे वाटते, कारण त्यात कडे गुळगुळीत होतात आणि चढ सोपे भासतात. फ्लॅट टॉप्सच्या पठाराच्या कडेला बेसॉल्टचे उभे कडे आहेत. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हा खडक ओळखीचा आहे, आणि तिथे ‘उतरता येईल’ हे पडद्यावरून ठरवू नये.

हद्दीच्या रेषांबद्दल एवढेच सांगते की, ॲपमधल्या रेषा बहुतांशी काउंटीच्या नोंदींवरून घेतलेल्या असतात आणि फोनच्या जीपीएसची चूक त्यात मिसळते. खासगी हद्दीपासून भरपूर अंतर राखूनच जागा निवडावी. ड्रोन उडवून जनावरे शोधणे कोलोरॅडोत बेकायदेशीर आहे, त्यामुळे तो विचार कोणी सुचवला तरी करू नये.

उत्तर: रानवाटा (डेन्व्हर, कोलोरॅडो)

मी फक्त मांसाबद्दल लिहितो, कारण नकाशावर जागा निवडताना हा हिशेब हमखास राहून जातो. मादी एल्कचे वजन सुमारे २२५ किलो असते आणि हाडे काढल्यावरही साधारण ७० किलो मांस उरते. खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते करू नये. दोघांनी मिळून हे ओझे आणायचे म्हणजे दोन फेऱ्या धराव्यात. निसर्गसंरक्षित, म्हणजे वाइल्डरनेस, क्षेत्रात चाकांची हातगाडीही चालत नाही. म्हणून प्रत्येक खुणेसमोर तिथे पोहोचण्याची वाट आणि तिथून ओझे घेऊन परतण्याची वाट अशा दोन वेगळ्या वाटा आखा. परतीच्या वाटेवर ५०० फुटांहून अधिक चढ असेल, तर घोडेवाल्याशी आधी बोलणी झाल्याशिवाय ती जागा यादीतून काढून टाकावी, असे माझे मत आहे.

कातळकडा (डॅलस, टेक्सास)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे रस्त्यांचे पट्टे रंगवले, मालकी तपासली, उताराच्या आणि मांसाच्या हिशेबात न बसणाऱ्या जागा काढल्या, आणि आता मोजक्याच खुणा उरल्या आहेत. त्यांतली पहिली पसंती अशी आहे: ओढा पूर्वेकडून पश्चिमेला वाहतो. गाडीचा रस्ता पश्चिमेला, खालच्या अंगाला संपतो आणि तिथून पायवाट ओढ्याच्या उत्तर काठाने वर जाते. उत्तरेकडचा उतार दक्षिणाभिमुख, उघडा, गवताळ आहे. ओढ्याच्या दक्षिणेला उत्तराभिमुख दाट रान असून, त्यात ९,६०० फुटांच्या आसपास लांबट सपाट टप्पा दिसतो. त्याच्या वर धारेत एक खिंड आहे आणि खिंडीपलीकडच्या खोऱ्यात पायवाट नाही. सेंटिनेलच्या चित्रांत उघडा उतार बहुतेक वर्षी हंगामाच्या सुमारास मोकळा दिसला. आम्ही पहाटे त्या टप्प्यावर जाऊन बसावे, असा विचार आहे. तो योग्य वाटतो का?

उत्तर: पश्चिम_उतार (ग्रँड जंक्शन, कोलोरॅडो)

जागा उत्तम निवडली आहे. बसण्याचे ठिकाण मात्र बदलावे, कारण आपल्या आखणीत वारा आलेला नाही. एल्कचे नाक फार तीक्ष्ण असते. माणूस दिसला तर ते थोडे थांबून पाहतात, वास आला तर थांबत नाहीत.

पहाटे थंड हवा जड होऊन उतारावरून खाली आणि खोऱ्यातून खालच्या दिशेने वाहते, म्हणजे आपल्या खोऱ्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे. आपण टप्प्यावर बसलात तर आपला वास रानातून खाली ओढ्यापर्यंत जाईल, आणि चरून परतणारा कळप ओढा ओलांडतानाच तो घेईल. त्याऐवजी अंधारात पायवाटेने पश्चिमेकडून वर जावे. वारा तोंडावर येतो. उघड्या उताराच्या पश्चिम टोकाला एखादी छोटी सोंड असेल, तर तिच्या आडून पूर्वेकडचा उतार दुर्बिणीने पाहावा. वास आपल्या मागे, रिकाम्या रस्त्याकडे जाईल. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडण्यास परवानगी असते, आणि खरी संधी त्या पहिल्या तासाभरातच असते. सूर्य समोर येणार असल्यामुळे सोंडेची सावली आपल्यावर कुठपर्यंत राहील, हे गूगल अर्थमध्ये तारीख आणि वेळ टाकून आधीच पाहून ठेवावे.

ऊन लागल्यावर दक्षिणाभिमुख उतारावरची हवा लवकर वर चढू लागते. समोरचा उत्तराभिमुख उतार ऑक्टोबरच्या अखेरीस जवळजवळ दिवसभर सावलीत असतो, त्यामुळे तिथे खाली जाणारी हवा बराच वेळ टिकते. एका खोऱ्याच्या दोन अंगांना वारा एकाच वेळी दोन दिशांना वाहत असतो, आणि नकाशावर उताराची दिशा पाहून हे घरीच लिहून ठेवता येते. सकाळी काही दिसले नाही, तर टप्प्याच्या उंचीवर राहून, वर किंवा खाली न जाता, पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय सावकाश सरकावे. दुपारी माथ्यावरचा पश्चिमेचा वारा खाली उतरून सगळे बदलतो; तेव्हा टप्पा सोडून बाहेर यावे, नाहीतर तिथे बसलेला कळप दुसऱ्या दिवशी त्या खोऱ्यात नसेल.

पहिल्या दिवशी मात्र मी दोघांपैकी एकाला खिंडीत पाठवेन. त्या सकाळी पायवाटेवर इतरही शिकारी असणार, आणि त्यांची चाहूल लागली की कळप वाट नसलेल्या दक्षिणेकडच्या खोऱ्यात निघून जाण्याची शक्यता अधिक आहे. खिंडीत पश्चिमेचा वारा जोरात वाहतो, म्हणून बसणे पूर्व बाजूला असावे. तिथे पायवाटेने आणि टप्प्यावरून चढून न जाता पश्चिमेकडच्या धारेने जायचे, अंधारात, म्हणजे निघण्याची वेळ आताच नकाशावरून मोजून ठेवली पाहिजे. मांस कुठून काढायचे, हेही त्या खोऱ्यासाठी वेगळे तपासावे.

शेवटी बर्फाबद्दल. हंगामाआधी किंवा हंगामात गुडघाभर बर्फ पडले, तर ही खिंड आणि हा टप्पा दोन्ही सोडून द्यावे लागतील. कळप पश्चिमेकडे, मीकरच्या बाजूला खाली उतरू लागतील, आणि खाली बरीचशी जमीन खासगी आहे. राष्ट्रीय वनाची खालची हद्द आणि खासगी जमीन यांच्या मध्ये बीएलएमच्या (केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याच्या) सरकारी जमिनीचे जे पट्टे आहेत, त्यांत ७,५०० ते ८,५०० फुटांवर, ओकची झुडपे आणि दक्षिणाभिमुख उतार असलेल्या दोन जागा आताच निवडून ठेवा. निवडताना त्या जागेपर्यंत सार्वजनिक रस्ता खरोखरच पोहोचतो का, हे आधी पाहा. चारही बाजूंनी खासगी जमिनीने वेढलेले सरकारी तुकडे त्या उंचीवर पुष्कळ आहेत.